झडीत अडकलेलं कवाड

श्रावण, झडीचा तिसरा दिवस.

झड लागली की गावात घरोघरी कवाडं अडकतात. मे महिन्यात एका बोटानं लागणारं दार आता खांदा लावून ढकलावं लागतं. पोळ्याच्या आधी उरकून टाकू म्हणून हात लगेच रंध्याकडे जातो. आज रंधा खुंटीवरच राहू द्यावा. विदर्भाचा उन्हाळा 45 अंशांचा, हाडं वाळवणारा. त्यावर हा दमट पावसाळा. लाकूड दोन्ही ऋतू अंगावर घेतं. आज दोन सूत, म्हणजे सहा मिलिमीटर छाटलं, की एप्रिलमध्ये त्याच फटीतून धूळ आणि विंचू आत.

आधी दुखणं ओळखायचं. दाराच्या कडेला खडू चोळून दार दोनदा लावून बघावं. जिथला खडू पुसला, तिथं घासतंय. कडीकडची कड वरपासून खालपर्यंत सारखी घासत असेल तर लाकूड फुगलंय. फक्त कडीकडचा वरचा कोपरा अडत असेल तर बहुतेक वेळा दोष पावसाचा नसतो. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार झुकलेलं असतं. अशा वेळी स्क्रू काढून भोकात फेव्हिकॉल लावलेली सागाची काडी ठोकायची, रात्रभर वाळू द्यायची, मग बारीक भोक पाडून स्क्रू परत आवळायचा. रंध्याचं कामच नाही.

फुगण्याचा हिशेब साधा आहे. फळी लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढते. सागाच्या साध्या चिरलेल्या फळीत ओलावा 1 टक्क्यानं वाढला की रुंदी साधारण 0.2 टक्के वाढते. फळीला फळी घट्ट चिकटवून केलेल्या तीन फुटी दारात ओलावा 5 टक्के चढला तर 9 मिलिमीटर, म्हणजे तीन सूत. एवढी जागा चौकटीत कुणी सोडत नाही. कमी हलणारं, म्हणजे कमी फुगणारं-आकसणारं लाकूड म्हणून सागाला मान. बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. तरी सागही हलतोच. म्हणून दाराच्या खाचेत बसवलेली मधली फळी मोकळी ठेवायची, तिला सरस लावायचा नाही. सरस लावलेली फळी उन्हाळ्यात मधोमध फाटते.

आता दाराखाली हात घालून खालची कड चाचपून बघावी. वरून चकचकीत ऑइलपेंट, खाली मात्र लाकूड कोरं, काळपट, बोटाला कुसं लागतील असं. दार टांगल्यावर रंग दिला की ब्रश तिथं पोचतच नाही. उभ्या पट्ट्यांची उघडी टोकं तिथंच असतात आणि अंगणातलं शिंतोड्याचं पाणी तीच पितात. कवाड फुगण्याचं अर्धं कारण या न दिसणाऱ्या कडेत असतं, आणि एवढ्याशा आळसापायी चांगलं सागवान सडताना बघून खरंच वाईट वाटतं.

सध्या घासणाऱ्या जागी मेणबत्ती चोळायची आणि पेन्सिलीनं खूण करून ठेवायची. ओल्या लाकडावर व्हार्निश नको, ओल आत कोंडते.

दिवाळीनंतर, लाकूड सुकलं की, दार बिजागरीवरून उतरवायचं. तेव्हाही कड घासत असेल तरच खुणेवर एक-दीड मिलिमीटर रंधायचं, चौकटीत आधी शिरणारी बाजू किंचित जास्त उतरती ठेवून. मग वरच्या-खालच्या कडांना व्हार्निशचे तीन हात, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर पुढचा.