फ्रँकलिनचं घरदार, एका फ्रेमीत: तिकिटांच्या कामाची खबरबात

मंडळी, फ्रँकलिनची फ्रेम, म्हणजे प्रदर्शनात लावायची तिकिटांची सोळा पानं, कुठवर आली, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय. त्यांपैकी निम्म्याहून जास्त पानं माउंट (तिकीट बसवायची पारदर्शक पाकिटं) लावून तयार आहेत, तीन-चार पेन्सिलीत आहेत आणि एक पान मला छळतंय. ते कोणतं, ते पुढे येईलच.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेंजामिन फ्रँकलिनवर तिकिटांची कमी नाही. अमेरिकेचं सगळ्यात पहिलं तिकीटच त्याचं आहे, १८४७ सालचं पाच सेंटचं. पण त्याच्यावरची बहुतेक प्रदर्शनं पतंग, वीज आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा याभोवतीच फिरतात. मला त्याचं घर दाखवायचं होतं. क्लबातल्या जाणत्यांनी लगेच विचारलं, की बायकोचं तिकीट नाही, पोराचं नाही, बहिणीचं नाही, मग सोळा पानं भरणार कशानं? शंका रास्त होती. पण या घराण्याचा खरा धंदा टपाल हाच होता. ते एकदा लक्षात आलं की सामान आपोआप सापडायला लागतं.

प्लॅनच्या, म्हणजे प्रदर्शनाची रूपरेषा सांगणाऱ्या, पानावर म्हणूनच नेहमीचा मजकूर न टाकता मी नेमणुकांची वंशावळ काढली आहे. १७३७ साली फ्रँकलिन फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर झाला. १७५३ साली इंग्रज सरकारनं त्याला विल्यम हंटरच्या जोडीनं सगळ्या अमेरिकी वसाहतींचा उपमहापोस्टमास्तर केलं. मग काय, मुलगा विल्यम टपालखात्याचा हिशेबतपासनीस. भाऊ जॉन बॉस्टनचा पोस्टमास्तर. जॉन १७५६ साली वारला, तर त्याच्या जागी भावजय एलिझाबेथ. दुसरा भाऊ पीटर, त्याला फिलाडेल्फियाला बोलावून तिथलं पोस्ट दिलं. १७७५ साली काँग्रेसनं फ्रँकलिनला पहिला महापोस्टमास्तर नेमलं, तेव्हा हिशेब बघायला जावई रिचर्ड बेश, आणि पुढच्याच वर्षी सासरे पॅरिसला निघाले तर त्याच खुर्चीवर जावईबापू, थेट १७८२ पर्यंत. आपल्याकडे असं झालं असतं तर चौकाचौकात फलक लागले असते. एक मात्र कबूल करायला हवं, की इंग्रजी अमलात फ्रँकलिनच्याच हाताखाली वसाहतींचं टपालखातं पहिल्यांदा नफ्यात आलं.

आता कामाचं बोलू. पहिल्या पानावर १८४७चं मूळ तिकीट लावायची ऐपत नाही. त्याऐवजी १९४७ साली शताब्दीला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी काढलेली मिनिएचर शीट, म्हणजे मोजकी तिकिटं छापलेला छोटा कागद, लावली आहे. तिच्यात पाच सेंटचा फ्रँकलिन निळा आहे आणि दहा सेंटचा वॉशिंग्टन नारिंगी-तपकिरी. मूळचे रंग वेगळे, त्यामुळे कोणी फसत नाही आणि परीक्षकही नाक मुरडत नाहीत. शीट स्वस्तात मिळते, फक्त घेताना कोपरे दुमडलेले नाहीत ना, ते बघून घ्या.

दुसरं पान माझं लाडकं आहे. बाप जोसाया फ्रँकलिन, बॉस्टनमध्ये मेणबत्त्या आणि साबण करणारा. दोन बायकांची मिळून सतरा मुलं, पहिलीची सात, दुसरीची, म्हणजे अबाया फोल्जरची, दहा. बेंजामिन पंधरावा आणि मुलग्यांत सगळ्यात धाकटा. तर सतरा मुलांसाठी फ्रँकलिनचीच एक सेंटची सतरा तिकिटं लावायची आणि एकही दुसऱ्यासारखं असता कामा नये, असं ठरवलं. ऐकायला सोपं वाटतं. खासगी बँकनोट कंपन्या तिकिटं छापायच्या त्या काळातली निळी, १८९० नंतरची निळी, १८९८ साली हिरवी झालेली, १९०२ची, १९०८ची, १९२२ची, १९२९ साली कॅन्सस आणि नेब्रास्का असे छापे मारलेली. इथवर चेहरा आणि चौकट बघून कळतं. खरी गंमत १९०८ नंतरच्या हिरव्यांत आहे. समोरून दोन तिकिटं अगदी जुळी दिसतात, पण एकाच्या कागदात दुहेरी रेषेच्या अक्षरांचा वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली पुसट खूण), दुसऱ्यात एकेरी. काळ्या ट्रेमध्ये तिकीट पालथं टाकायचं, वर लायटर फ्ल्युइडचे दोन थेंब सोडायचे आणि डोळे फाडून बघत बसायचं. अक्षरं अख्ख्या शीटभर पसरलेली, त्यामुळे एका तिकिटाच्या वाट्याला एखाद्या अक्षराची शेपटी नाहीतर पोट येतं. द्रव उडायच्या आत दिसलं तर दिसलं. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास उदबत्ती नको, हे पुन्हा सांगतो. १९२०च्या दशकातल्या हिरव्यांना वॉटरमार्क नाही, तिथे गेज (दात मोजायची पट्टी) काढून दोन सेंटिमीटरमध्ये किती दात बसतात ते मोजावं लागतं: ११, १० किंवा ११ बाय १०½.

पंधराव्या जागेवर, म्हणजे खुद्द बेंजामिनच्या जागेवर, १८५१च्या मालिकेतलं निळं एक सेंट लावलंय. नक्षीतल्या बारीक फरकांवरून ठरणाऱ्या प्रकारांतलं चौथ्या प्रकारचं, वापरलेलं, एका बाजूची मार्जिन कापलेली, म्हणून परवडलं. याच चेहऱ्याचं एक सेंटचं १८६८चं ‘झेड ग्रिल’ (ग्रिल म्हणजे कागदात दाबून उठवलेली बारीक जाळी) जगात दोनच माहीत आहेत. आपण कॅटलॉगातला फोटो बघायचा आणि चहा प्यायचा.

डेबोराच्या पानावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. डेबोरा रीड, फ्रँकलिनची बायको. तिचा पहिला नवरा पळून गेला होता, जिवंत की मेला ते कळेना, त्यामुळे १७३० साली या दोघांनी रीतसर लग्न न लावता एकत्र संसार मांडला. दुकान तिनं सांभाळलं, पोस्टाच्या वह्या तिनं ठेवल्या. समुद्राची तिला धास्ती, ती कधी अटलांटिक ओलांडून गेली नाही. नवरा १७५७ पासून मधली दोन वर्षं सोडली तर लंडनलाच. म्हणजे संसार चालला तो पत्रांवर. १७५८ साली तो तिला लंडनहून भांडीकुंडी धाडतो, त्यात बिअरसाठी एक मोठा, फुगीर पोटाचा जग. सोबतच्या पत्रात लिहितो, की हा बघताक्षणी आवडला, निळ्या-पांढऱ्या छिटाचा स्वच्छ झगा घातलेल्या एखाद्या गुटगुटीत, हसतमुख बाईसारखा दिसतो आणि कोणाची तरी आठवण करून देतो. आता ही तारीफ की चेष्टा, ते तिनंच ठरवावं.

पण पानाचा मध्य आहे १७६५चा. इंग्रज संसदेनं वसाहतींवर स्टँप कर, म्हणजे छापील आणि कायदेशीर कागदांवरचा कर, बसवला. फ्रँकलिननं विरोध पुरेसा केला नाही, उलट आपल्याच मित्राला कर गोळा करायच्या जागेवर बसवलं, अशी फिलाडेल्फियात बोंब झाली. सप्टेंबरात जमाव घरावर चालून येणार अशी बातमी आली. डेबोरानं मुलगी सॅलीला न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला विल्यमकडे पाठवून दिलं आणि स्वतः हलायला ठाम नकार दिला. भावाला बोलावलं, बंदुका आणवल्या, वरच्या खोलीत मोर्चेबंदी केली आणि बसून राहिली. जमाव आला नाही. नवऱ्यानं समुद्रापलीकडे, संसदेच्या कॉमन्स सभागृहात, कराविरुद्ध साक्ष दिली ती पुढच्या फेब्रुवारीत; तोवर घर राखलं ते हिनं. १७६६च्या मार्चमध्ये कर रद्द झाला, तेव्हा त्यानं कळवलं, की आता तुला नवा झगा घ्यायला हरकत नाही, आणि कापड धाडून दिलं. या मजकुराला तिकीट आयतं मिळालं: स्टँप कर रद्द झाल्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून २०१६ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात निघालेलं. चित्रात झाडाभोवती जल्लोष करणारे लोक आहेत. खाली मी डेबोराच्या बंदुकीची ओळ लिहिली आहे, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की जल्लोषाआधी काय झालं होतं.

त्याच पानावर फिलाडेल्फियाच्या मार्केट स्ट्रीटवरच्या पोस्टाचा हातानं मारलेला शिक्का आहे, ‘बी. फ्री फ्रँकलिन’. हे पोस्ट फ्रँकलिनच्या घराच्या जागेला लागून आहे. पोस्टमास्तर म्हणून त्याची पत्रं फुकट जायची, त्यासाठी कोपऱ्यात सही करताना तो ‘फ्री’ हा शब्द नावाच्या मध्ये घालायचा. तिकीट २००६ सालच्या चारच्या संचातलं, पोस्टमास्तर फ्रँकलिन दाखवणारं. १७६४च्या नोव्हेंबरात तो परत लंडनला गेला, त्यानंतर या दोघांची भेट झाली नाही. १९ डिसेंबर १७७४ला डेबोरा गेली.

फ्रँकीचं पान छोटं आहे. धाकटा मुलगा फ्रान्सिस, १७३६ साली चार वर्षांचा असताना देवीनं गेला. त्याला देवी टोचून घेतल्या नव्हत्या, ही रुखरुख बापाला शेवटपर्यंत राहिली आणि आत्मचरित्रात त्यानं ती इतर आईबापांसाठी मुद्दाम लिहून ठेवली. संयुक्त राष्ट्रांची १९७८ची देवी निर्मूलनाची दोन तिकिटं लावली, बास. सजावट केली नाही.

सॅलीच्या पानाला अजून आकार येतोय. १७६३ साली बाप पोस्टांची तपासणी करत न्यू इंग्लंडभर हिंडला तेव्हा ती बरोबर होती. युद्धात तिनं लेस आणि पिसं मागवली, तर पॅरिसहून उत्तर आलं, की माझ्यासारखं कर, कफांची भोकं रफू करू नकोस, आपोआप लेस होईल, आणि पिसं काय, कोंबड्याच्या शेपटीला भरपूर असतात. हीच सॅली १७८० साली बायकांना जमवून वॉशिंग्टनच्या शिपायांसाठी दोन हजारांवर सदरे शिवून घेते, आणि प्रत्येक सदऱ्यावर शिवणारीचं नाव. बापाला फ्रान्सच्या राजानं हिऱ्यांनी मढवलेलं आपलं चित्र दिलं होतं. ते मृत्युपत्रात तिला मिळालं, अट एकच, हिऱ्यांचे दागिने करायचे नाहीत. तिनं दागिने केले नाहीत. काही हिरे विकले आणि नवऱ्याला घेऊन युरोप बघून आली. बापाची लेक शोभते.

आता छळणारं पान: विल्यम. आई कोण ते कधी उघड झालं नाही, पण वाढवला डेबोराच्या घरात. पतंगाच्या प्रयोगाला बापाच्या सोबत हाच होता. चित्रकारांनी त्याला लहान पोरगा करून टाकलं, प्रत्यक्षात विशीतला गडी होता. १७६३ साली तो न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला, राजानं नेमलेला. १७७६ आलं तेव्हा बाप जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत आणि मुलगा राजनिष्ठ, कनेक्टिकटमध्ये कैदेत. बायको न्यूयॉर्कला आजारी पडली, भेटायची परवानगी मागितली, मिळाली नाही. १७७७ साली ती वारली. बापानं शब्द टाकल्याचं कुठे दिसत नाही. १७८४ साली मुलानं लंडनहून समेटाचं पत्र लिहिलं. बापाचं उत्तर असं, की म्हातारपणी एकुलता एक मुलगा सोडून गेला आणि माझ्याविरुद्ध शस्त्र धरलं, याहून काही लागलं नाही. पुढच्या वर्षी साउदॅम्प्टनला शेवटची भेट झाली, तीही बरीचशी जमिनींच्या व्यवहाराची. मृत्युपत्रात विल्यमला मिळाल्या त्या नोव्हा स्कोशियातल्या जमिनी आणि आधीच त्याच्याकडे असलेली पुस्तकं-कागद. कारणही लिहिलंय: जी मालमत्ता हिरावून घ्यायचा त्यानं प्रयत्न केला, तिच्यातलं जास्त त्याला देत नाही.

माझं मत सांगतो. परक्यांशी जन्मभर तडजोडी करणारा हा मुत्सद्दी घरात फार कठोर निघाला. काही जाणकार म्हणतात, की राजकारणात उभा दावा मांडलेल्या मुलाला बापानं माफ करायचं कसं? असेल. पण त्या बायकोची गोष्ट वाचली की मला विल्यमची बाजू घ्यावीशी वाटते.

तिकिटांच्या बाजूनं १९६४चं न्यू जर्सीचं पाच सेंट आहेच. मुख्य मात्र कॅनडा. राजनिष्ठ कुटुंबं हजारोंनी नोव्हा स्कोशियाकडे गेली, त्यांच्यावर कॅनडानं १९३४ साली दहा सेंटचं हिरवट तिकीट काढलं आणि १९८४ साली बत्तीस सेंटचं. आणि त्याच कॅनडानं १९७६ साली अमेरिकेच्या जोडीनं फ्रँकलिनचंही तिकीट काढलं, उत्तर अमेरिकेच्या नकाशासह. म्हणजे बाप आणि मुलाचा पक्ष एकाच देशाच्या अल्बमात. अडचण मांडणीची आहे. बापाचं तिकीट वर ठेवलं तर पान निकालपत्रासारखं दिसतं, शेजारी ठेवलं तर समेट झाल्यासारखं. सध्या दोन्ही पानाच्या दोन टोकांना आहेत आणि मधे मृत्युपत्रातली ओळ. अजून चिकटवलेलं नाही.

नातवांची पानं सरळ गेली. विल्यमचा मुलगा टेंपल, तोही लग्नाबाहेरचा, आजोबांचा पॅरिसमधला चिटणीस. त्याच्यासाठी १९८३चं पॅरिस तहाचं वीस सेंट, कारण तहाच्या अमेरिकी शिष्टमंडळाचा सचिव तोच. सॅलीचा थोरला बेनी जिनेव्हात शिकला, आजोबांकडून छपाई उचलली आणि ‘ऑरोरा’ वर्तमानपत्रातून सरकारवर असा तुटून पडला, की १७९८ साली अटक झाली. त्याच वर्षी पिवळ्या तापानं एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्याच्यासोबत फ्रान्सच्या १९५६च्या संचातलं फ्रँकलिनचं तिकीट आहे.

राहिली बहीण जेन मेकम. सतरावी, शेंडेफळ. बारा मुलं झाली, अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली. भावाशी साठ वर्षांवर पत्रव्यवहार, घरच्या पद्धतीचा साबण करून त्याला पाठवायची. तिच्या पानासाठी बॉस्टनची तिकिटं आहेत, पण जुळवाजुळव मनासारखी नाही.

तूर्त गरज एकच: कॅनडाचं १९३४चं दहा सेंट, हॅलिफॅक्सच्या किंवा नोव्हा स्कोशियातल्या कुठल्याही गावच्या शिक्क्यासह, शक्यतो अख्ख्या पाकिटावर. शिक्का वाचता आला पाहिजे, बाकी डाग-बिग चालतील. बदल्यात १९०८च्या हिरव्यांतली वॉटरमार्क तपासलेली जादा तिकिटं देतो, शिवाय १९७६ची अमेरिका-कॅनडा जोडी दोन-तीन जादा आहे.