शेडमध्ये शहाणं, शेतात वेडं

पूर्ण मोडलेलं यंत्र मला आवडतं. तुटलेला दात दिसतो, फुटलेलं बेअरिंग ओरडून सांगतं, जळलेल्या पट्ट्याचा वास येतो. सुटा भाग बदला, हात पुसा, घरी जा. डोकं खातं ते अधूनमधून बिघडणारं यंत्र. मिस्त्री आला की ते गुणी लेकरासारखं चालतं आणि मिस्त्रीची पाठ वळली की मालकाला रडवतं.

त्या दिवशीचा बेलर अगदी त्याच जातीचा होता. वाळलेल्या गवताचे चौकोनी गठ्ठे बांधणारा, ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा, बऱ्यापैकी जुना. तक्रार एकच, फ्लायव्हीलचा, म्हणजे जड फिरत्या चाकाचा, शिअर बोल्ट सारखा तुटतो. मालक वयस्कर, कमी बोलणारे, कामात काटेकोर. खिशातून त्यांनी तुटक्या बोल्टांची मूठ काढली आणि माझ्यासमोर फळीवर ओतली. ‘‘मिस्त्री, आयुष्यात बरीच यंत्रं वापरली. याच्याइतकं नालायक दुसरं नाही.’’

माझ्याआधी दोघातिघांनी हात लावून झाला होता. एकाने नॉटरचे, म्हणजे गाठ मारणाऱ्या यंत्रणेचे भाग बदलले होते, एकाने चेन. कोणीतरी वैतागून जास्त कडक जातीचा बोल्ट घातला होता. या असल्या कारागिरीला मी आजवर शिव्याच दिल्यात. शिअर बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तो तुटतो म्हणून बाकीचं वाचतं. तिथे कडक बोल्ट घातला की मोडायची पाळी पुढच्या महागड्या भागावर येते. इथेही तेच झालं होतं. सुतळी ओवणाऱ्या दोनपैकी एका सुईवर वेल्डिंगचा जाड सांधा होता.

शेडमध्ये यंत्र चालवून पाहिलं. पीटीओ मिनिटाला 540 फेरे, गवत ठोकून दाबणाऱ्या प्लंजरचे ठोके एकसारखे, कुठे खडखड नाही. गाठ सुरू करणारी कळ, म्हणजे ट्रिप, हाताने दिला, सुया वर आल्या, गाठ पडली, सुया खाली गेल्या. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेडमध्ये दिवसभर चालवलं असतं तरी बोल्ट तुटला नसता. मग सरळ शेतात गेलो. कापलेल्या गवताच्या ओळी पडल्या होत्या आणि आभाळ भरून येत होतं.

हे गाठ मारणं फार सुंदर काम आहे, त्यावर थोडं थांबतो. गठ्ठा ठरलेल्या लांबीचा झाला की खालून दोन वाकड्या सुया सुतळी घेऊन गवत दाबायच्या पोकळीतून, म्हणजे खोलीतून, वर येतात. वर पक्ष्याच्या चोचीसारखा एक भाग गर्रकन फिरतो, सुतळीचा वेढा घेतो, टोकं चोचीत धरतो, सुरी सुतळी कापते, गाठ चोचीवरून ओढून काढली जाते. चोच बंद-उघड होत हे सगळं साधारण पाऊण सेकंदात उरकतं, कारण प्लंजर मिनिटाला 80-90 ठोके मारतो आणि गाठीला त्यातला जेमतेम एक ठोका मिळतो. या तऱ्हेचा नॉटर जॉन ॲपलबी नावाच्या अमेरिकन माणसाने 1870 च्या दशकात कापणी-बांधणीच्या यंत्रासाठी बसवला आणि त्याची मूळ कल्पना आजही बेलरमध्ये फिरते आहे.

धोका एकच. सुया खोलीत असताना प्लंजर अवेळी आला तर सुयांचा चुरा. म्हणून सुयांच्या चौकटीला एक खिटी जोडलेली असते. सुया वेळ नसताना जागा सोडून वर सरकल्या की ही खिटी प्लंजरच्या वाटेत आडवी येते, प्लंजर तिच्यावर आदळून थांबतो आणि फ्लायव्हीलची सगळी ताकद त्या मऊ बोल्टवर येते.

शेतात दोन ओळी नीट झाल्या. तिसरीच्या मध्यावर ‘टण्ण’ आवाज आला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर गठ्ठे बांधून झाल्यावरही दिसलं नसेल.

ट्रॅक्टर बंद, किल्ली माझ्या खिशात. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत मी जवळ जात नाही आणि कोणाला जाऊही देत नाही. पीटीओ काढला तरी ते जड चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि माणसाचा अंदाज नेमका तिथे चुकतो. एवढ्यात शेजारच्या शेतातली तीन-चार माणसं आली. बंद यंत्राभोवती माणसं जमली की प्रत्येकाला आपलं जुनं दुखणं आठवतं.

एकाने हँडल मारून चालू करायचं जुनं डिझेल इंजिन काढलं. ते उलटं फिरून हँडल मनगटावर आणायचं. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, मोडलेल्या अंगठ्याने शिकवलं. दुसऱ्याचा पाठीवरचा फवारणी पंप, झाकणातून गळायचा आणि औषध पाठीवरून थेट कमरेपर्यंत उतरायचं. हा किस्सा सगळे हसत ऐकत होते. मला मुळीच हसू आलं नाही. अंगातून औषध भिनतं, आणि गळका पंप टाकून देण्याऐवजी लोक त्याला चिंधी बांधतात.

तिसरा, ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती, तो थ्रेशरबद्दल बोलेल असं मला वाटलं. तो बोलला पेरणी यंत्राबद्दल. ‘‘थ्रेशरने बोटं घेतली, पण ती उघड्या तोंडाने घेतली. या पेरणी यंत्राने फसवलं.’’ एक नळी आतून मातीने बुजली होती. पेटीतलं बी कमी होताना दिसत होतं, कारण बाकीच्या नळ्या चालू होत्या. पेरणी झाली, पाऊस झाला, उगवण झाली, तेव्हा कळलं की शेतभर ठरावीक अंतराने एकेक ओळ रिकामी. तोवर पेरणीची वेळ गेली होती.

मी यंत्राखाली पडून ऐकत होतो आणि मनातून त्याच्या बाजूला झुकलो. पेरणी यंत्र सगळ्यात वाईट, मग हा बेलर. थ्रेशर मी वेगळ्या यादीत ठेवतो. ते वाईट नव्हे, घातक. पेंढी सारायला पुरेसं लांब तोंड न देता यंत्र बनवणाऱ्याने त्या बोटांचा हिशोब आधीच केलेला असतो.

बेलरच्या खोलीत गवत अडकलेलं नव्हतं. बोल्टचे तुकडे साफ कापल्यासारखे, सगळे एकाच तऱ्हेचे. खिटी मात्र वाटेत आलेली. म्हणजे सुया वेळ नसताना सरकल्या होत्या. मी मालकांना विचारलं, ‘‘काका, बोल्ट नेहमी कुठे तुटतो?’’ ते म्हणाले, ‘‘कुठेही.’’ मग जरा थांबून, ‘‘या पट्ट्यात जास्त.’’ त्या पट्ट्यात जुनी सरी आडवी गेली होती. गवताखाली दिसत नव्हती, पण चाक तिच्यातून गेलं की बेलर चांगला हिसका खायचा.

शेडमध्ये सरी नव्हती. एवढंच.

पीटीओचा शाफ्ट सोडवला, म्हणजे यंत्रातलं काहीही फिरणार नाही. सुयांची चौकट जागेवर बसवून तिच्यावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून खडूची एक सरळ रेघ मारली. मालकांना म्हटलं, नुसतं ओढत सरीवरून दोन-तीनदा न्या. परत आले तेव्हा रेघ तुटली होती. दोन तुकड्यांत दोन बोटांचं अंतर.

सुयांची चौकट जागेवर धरून ठेवायला नॉटरच्या शाफ्टवर एक छोटा ब्रेक असतो. अस्तर, स्प्रिंग, नट. मी त्यावर बोट फिरवलं, बोट काळं आणि बुळबुळीत झालं. ब्रेक तेलात न्हालेला होता. वर पाहिलं तर बरोबर डोक्यावर चेन.

‘‘चेनला तेल कोण घालतं?’’

‘‘मीच,’’ मालक म्हणाले. ‘‘रोज सकाळी. कधी चुकवलं नाही.’’

कोणीतरी हसलं. मला ते पटलं नाही. त्या माणसाने पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे केलं होतं. चेनच्या बरोबर खाली उघडा ब्रेक बसवायचा आणि मध्ये पत्र्याचा तुकडाही द्यायचा नाही, हा शहाणपणा कागदावर रेघा मारणाऱ्याचा. जो जास्त काळजी घेतो त्याचंच यंत्र जास्त बिघडतं, यापेक्षा वाईट रचना काय असणार? शेजारी आळशी असता आणि त्याने चेन कोरडी ठेवली असती, तर त्याची चेन लवकर गेली असती, पण बोल्ट टिकले असते.

अस्तर काढून पेट्रोलने धुतलं, सँडपेपरने घासलं, स्प्रिंग आवळली. तेल प्यालेलं अस्तर असं कायमचं सुधारत नाही, पण तेवढ्या संध्याकाळपुरतं चाललं. नवा बोल्ट मऊच घातला. पाऊस येईपर्यंत बहुतेक ओळी बांधून झाल्या, शेवटच्या काही भिजल्या.

नंतर नवं अस्तर बसवलं आणि चेनखाली पत्र्याची एक पन्हाळी ठोकली, तेल बाजूला ओघळावं म्हणून. कडक बोल्ट त्यांच्याकडून मागून घेतले. ते द्यायला थोडे नाखूश होते. पुढच्या हंगामात भेटले तेव्हा मी विचारलं, बोल्ट तुटतात का अजून? म्हणाले, ‘‘तुटला एक. ओलं गवत कोंबलं होतं मी.’’ तो तुटायलाच हवा होता.