ज्ञ चं इंग्रजी आणि आमचं लग्न

माझा नवरा नेदरलँड्सचा. लग्न बेळगावातच करायचं ठरलं, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. त्यासाठी त्याला तिकडच्या नगरपालिकेकडून 'हा लग्नाला मोकळा आहे' असा दाखला आणायचा होता आणि तो देण्याआधी त्यांनी माझा अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला, जन्मदाखला मागितला. एवढंच काम. त्यात तीन महिने गेले, ते एका अक्षरापायी.

माझ्या नावात ज्ञ आहे. आपण मराठी माणसं ज्ञानेश्वर इंग्रजीत लिहिताना डी-एन-वाय-ए लावतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, पासपोर्टवर तसंच आहे. जन्मदाखला मात्र कन्नड-इंग्रजीत आणि त्यात जे-एन-ए, कारण कन्नडवाले ज्ञ तसाच लिहितात. तिकडच्या बाईंनी विचारलं, या दोघी एकच कशावरून?

दुरुस्तीचा अर्ज घेऊन मी जन्मनोंदणीच्या ऑफिसात गेले. क्लार्कने कन्नड ओळीवर पेन टेकवलं. "नाव बरोबर आहे की नाही?" बरोबरच होतं. "मग दुरुस्त काय करू? नाळे बर्री." म्हणजे उद्या या. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा. मधे नोटरीकडून 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्रही करून पाठवलं. उत्तर आलं, मूळ दाखलाच दुरुस्त करून पाठवा. त्या रात्री मी खूप रडले. आजही त्या ऑफिसवरून जाताना राग येतो.

पाचव्या खेपेला बाबा सोबत आले आणि म्हणाले, आधी मूळ रजिस्टर दाखवा. कोपरे खाल्लेलं जाडजूड रजिस्टर निघालं. निळ्या शाईत माझी ओळ, सगळी कन्नडात. इंग्रजी एक अक्षर नाही! म्हणजे ते जे-एन-ए नंतर कॉम्प्युटरवर भरताना कुणीतरी टाइप केलेलं. तिथेच गाठ सुटली. मी आजवर 'नावात दुरुस्ती' मागत होते आणि नाव तर बरोबरच होतं. नवीन अर्ज शेजारच्या सरांनी कन्नडात लिहून दिला: नोंद बरोबर आहे, फक्त इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्याप्रमाणे करावं, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969, कलम 15. तुमच्या नावात ज्ञ असेल तर अर्ज असाच लिहा आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुढचं सगळं भराभर झालं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळूरला गेले, अपोस्टिलचं काम झालं.

हो, अपोस्टिलची घाई आधी करू नका. चुकीच्या दाखल्यावर शिक्का घेतला तर तो फुकट जातो. तारखाही उलट्या बाजूने मोजा. डच दाखला सहा महिनेच चालतो. इकडे विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस पुन्हा द्यायची. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य लागतं. ते माझं होतंच, म्हणून त्याला महिनाभर आधी यावं लागलं नाही. साक्षीदार तीन लागतात.

नवा दाखला मिळाला तेव्हा मी पायरीवरच उभी राहून इंग्रजी ओळ बोट ठेवून वाचली. डी, एन, वाय, ए. बाबांनी चष्मा लावून परत एकदा वाचली आणि मागे वळून आणखी दोन प्रती मागितल्या.