फोटो राहतील का?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि समोरच्या काकू लॅपटॉप घेऊन आल्या. "अरे, हा आता भंगारात द्यायचा का रे?" मशीन धडधाकट होतं, पण विंडोज ११ला लागणारा टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग त्यात नव्हता. नौपाड्यात आम्ही तिघं मित्र डेबियन या मोफत लिनक्सवर आधारलेली मराठी आवृत्ती बांधतोय; ती मशीनवर बसवणारा प्रोग्राम, म्हणजे इन्स्टॉलर, कॅलामारेस. फोटोंचा बॅकअप घेतला, आमच्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह काकूंच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच करा, मी नुसता बघतो.

भाषा, टाइमझोन, कीबोर्ड भराभर झालं. डिस्कच्या पानावर काकू थबकल्या. रंगीत पट्टी, तिच्यावर 'एनटीएफएस', 'ईएफआय', बाजूला 'डिस्क पुसा'. चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, "यात नातीचे फोटो कुठेत?"

ते पान मी शेकडो वेळा पाहिलंय, पण हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. माणसाला पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, नको असतं, आपलं काय राहतं नि काय जातं ते कळायला हवं असतं.

त्या रात्री भाषांतराची फाइल उघडली. 'पार्टिशन'ला 'विभाजन' लिहायचं की 'कप्पा', यावर तासभर वाद झाला. 'डिस्कचा कप्पा' ठरलं. 'डिस्क पुसा'चं झालं 'सगळं पुसा: विंडोज, फोटो, फायली, काहीच उरणार नाही'. सुरुवातीला कुठलाच पर्याय निवडलेला नसेल, अशी सेटिंग केली. शेवटच्या सारांशाच्या पानावर होकार देईपर्यंत कॅलामारेस डिस्कला हातही लावत नाही. एवढी धीराची गोष्ट, पण पडद्यावर कुठे ठळक लिहिलेलीच नाही! आता त्या पानावर वर लिहिलंय: 'अजून काहीही बदललेलं नाही.'

पुढच्या रविवारी 'विंडोजच्या शेजारी बसवा' निवडलं, तर विंडोजची जागा कमी करतानाच काम अडलं आणि एरर इंग्रजीत. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप: शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि तशा कप्प्याला हात लावणं धोक्याचं असतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं, मग झालं. ही सूचना आता पहिल्याच पानावर आहे.

काकूंनी बारशाचे फोटो उघडून पाहिले आणि एकच दुरुस्ती सांगितली: "ते 'सगळं पुसा' लाल अक्षरात लिही." ते काम आज घेतलंय.