चोविसावा दगड

मार्टिनी, साँब्राँशे, ऑर्सिएर. स्वित्झर्लंडमधून रोमकडे जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या वाटेवरची गावं. मुक्काम झाले आणि एकमेकांत मिसळून गेले. ऑर्सिएरनंतरची दुपार मात्र विसरणं शक्य नाही. चौदा किलोमीटर, सातशे मीटरहून जास्त चढ. ओहोळात मोजे भिजले, आळसाने तसेच ठेवले. ओली कातडी मऊ पडते, चढावर टाच बुटात वर-खाली होते, आणि रुपयाएवढा फोड तयार. लेस घोट्याशी आवळली असती तर टाच हलली नसती. पण आळंदी-पंढरपूर चपलांवर केलेल्याला हे कुठून सुचणार? तोंडात हरिपाठ होता, मनात शिव्या.

त्या दिवसाचा मुक्काम बूर-सँ-पिएर, १,६३२ मीटरवर. चर्चपाशी रोमन मैलाचा दगड, कॉन्स्टंटाइनच्या काळातला, आकडा २४. रोमन मैल साधारण १,४८० मीटरचा, म्हणजे मार्टिनीपासून पस्तीस किलोमीटर. माझ्या टाचेचा हिशेबही तोच. इ. स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून याच वाटेने परतला. त्याच्या यादीत हा मुक्काम आहे, पण नुसती नावं. पायांबद्दल अक्षर नाही.

हे गाव जगलं ते ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड ओलांडणाऱ्यांवर, आणि बुडालंही त्यांच्यापायी. मे १८०० मध्ये नेपोलियनचं सुमारे चाळीस हजारांचं सैन्य या बोळांतून गेलं. तोफा सुट्या केल्या, झाडांचे बुंधे पोखरून नळ्या आत बसवल्या आणि माणसांनी दोर लावून त्या बर्फावरून ओढल्या. झाडं गावची, भांडी गावची, खेचरंही गावची. भरपाईचं लेखी वचन मिळालं, पैसे काही पुरते आले नाहीत. १९८४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्याकडून आलं एक प्रतीकात्मक पदक! १९६४ मध्ये बोगदा झाला, तेव्हापासून बहुतेक गाड्या खिंडीखालूनच पार होतात.

उतरलो त्या घरच्या म्हातारीने टाच पाहिली. भाषा एकमेकांना कळेना. फोड फोडायला मी सुईदोरा काढला तर तिने हातच धरला. आतून मेंढीची न धुतलेली लोकर आणली, तेलकट, उग्र वासाची. चिमूटभर पिंजून फोडाभोवती कड्यासारखी बसवली, फोडावर नाही, आणि वरून कोरडा मोजा चढवला. "माउली," मी म्हणालो. तिने मान हलवली.

सकाळी बारा-तेरा किलोमीटर, आठशे चाळीस मीटर चढ, वर २,४६९ मीटरवर खिंड. संत बर्नार्डने १०५० च्या सुमारास उभारलेली धर्मशाळा अजून चालते. गरम चहा हातात आला, मग बूट काढला. लोकर दाबून नमद्यासारखी झालेली. टाच कोरडी होती.