असाकुसातलं हॉस्टेल: सहा चटया, चार गाद्या, आणि बॅगा कुठे?

टोकियोत हॉटेलच्या खोल्या बहुतेक दोघांच्या. चौघांचं कुटुंब म्हटलं की दोन खोल्या, दुप्पट भाडं. म्हणून आम्ही असाकुसातल्या हॉस्टेलची खासगी खोली घेतली. डॉर्ममध्ये, म्हणजे अनोळखी लोकांबरोबरच्या सामाईक खोलीत, बरीच हॉस्टेलं लहान मुलांना घेतच नाहीत, हे बुकिंगआधीच वाचून घ्यावं. तान्हं मूल आईजवळ झोपणार असलं तरी आकड्यात धरा. खोलीत माणसं किती, हे त्यांच्याकडे काटेकोर असतं.

बंक बेड की तातामी, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटया? मूल लहान असेल तर तातामीच. पडायला उंचीच नाही. खोलीचं माप ‘जो’मध्ये सांगतात, म्हणजे किती चटयांची खोली. एक चटई साधारण 180 बाय 90 सेंटिमीटर. 6 जो म्हणजे जेमतेम 10 चौरस मीटर. एक गादी मीटरभर रुंद, दोन मीटर लांब. चार घातल्या की 8 चौरस मीटर संपले. उरलेल्या पट्टीत दोन मोठ्या सुटकेस उघडत नाहीत. चौघांना 8 जो बघा, नाहीतर मोठी बॅग खाली ठेवून घेतात का ते विचारा. तातामीवर बॅगेची चाकं फिरवायची नाहीत, चपला तर नाहीच, आतल्या सपाताही दाराशीच काढायच्या.

गाद्या आपणच घालायच्या. खाली जाड शिकिबुतोन म्हणजे गादी, त्यावर चादर, वर काकेबुतोन म्हणजे दुलई. सकाळी तीन घड्या घालून कपाटात. आळसाने दिवसभर पसरून ठेवली तर अंगाचा दमटपणा खालीच कोंडतो आणि चटईला बुरशी धरते. ज्यांच्या घरी रोज वळकट्या बांधल्या जायच्या, त्यांना हे शिकवावं लागत नाही.

स्वयंपाकघर सामाईक, आणि आपली फजिती तिथेच होते. शेगडी बहुधा इंडक्शनची. ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालेल. घरची इलेक्ट्रिक किटलीही नेऊ नका. जपानात वीज 100 व्होल्ट, म्हणून 230 व्होल्टची 1500 वॉटची किटली तिथे 300 वॉटही देत नाही. लिटरभर पाण्याला वीस मिनिटांवर लागतात. मोबाइलचे चार्जर बहुतेक चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा. कच्चे तांदूळ, डाळी, ताजी फळं, कढीपत्ता बॅगेत नको. वनस्पती-तपासणीचा दाखला नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. कोरडी चटणी आणि खाकरे पुरेत. शाकाहारी असाल तर मिसो सूपपासून सावध राहा, त्यात सहसा ‘दाशी’, म्हणजे माशाचा अर्क असतो. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात. त्यातले ‘उमे’ म्हणजे आंबट-खारट आलुबुखाऱ्यासारख्या फळाचे. मुलं पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात.

कपडे धुवायला नाण्यांचं यंत्र असतं. 100 येनची नाणी जमवत राहा. पुष्कळ यंत्रं 500चं नाणं घेत नाहीत. जीन्स ड्रायरच्या एका फेरीत वाळत नाही. कचऱ्याचे डबे वेगवेगळे: जळणारा, बाटल्या, कॅन. बाटलीचं झाकण आणि लेबल काढूनच टाकायची.

पोहोचताना एक चूक हमखास होते. असाकुसा आणि असाकुसाबाशी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, तोएई असाकुसा या एकाच भुयारी रेल्वेमार्गावर, मध्ये कुरामाए स्टेशन. नारिता आणि हानेदा दोन्ही विमानतळांवरून या मार्गावर थेट गाड्या येतात, पण प्रत्येक गाडी नाही. डब्यावरचं शेवटचं स्टेशन वाचा. त्सुकुबा एक्स्प्रेस या दुसऱ्या रेल्वेमार्गाचं असाकुसा स्टेशन आणखी वेगळं, सेन्सोजी देवळाच्या पश्चिमेला. लिफ्ट स्टेशनच्या प्रत्येक दाराला नसते, म्हणून बाबागाडी असेल तर लिफ्टचं दार आधीच नकाशात पाहा. सहा वर्षांखालच्या मुलांना, मोठ्या माणसामागे दोघांपर्यंत, तिकीट नाही. 6 ते 11 अर्धं.

चेक-इन दुपारी तीन-चारनंतरच. सकाळी उतरलात तर बॅगा ठेवून सरळ देवळाकडे चालू लागा.