माकुलाचा अक्षतंतू संगणकावर : आवेग आता पुढे सरकू लागला

चेतातंतूत विद्युत आवेग कसा उमटतो हे सांगणाऱ्या, ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 मध्ये मांडलेल्या समीकरणांवर उभ्या असलेल्या या घरगुती प्रकल्पाचा पहिला टप्पा, म्हणजे चेतातंतूच्या पटलाच्या (पेशीच्या पातळ बाह्य आवरणाच्या) एकाच तुकड्यावर आवेग उमटवणे, पूर्ण झाला असून, दुसऱ्या टप्प्यात तोच आवेग दहा सेंटिमीटर लांबीच्या कल्पित अक्षतंतूवरून, म्हणजे चेतापेशीच्या संदेश वाहून नेणाऱ्या लांब तंतूवरून, धावू लागला आहे. पायथॉन ही संगणकभाषा आणि तिचा नमपाय हा गणिती संच यांखेरीज काहीही वापरलेले नाही.

मूळ प्रयोग माकुलाच्या, म्हणजेच स्क्विडच्या, राक्षसी अक्षतंतूवर झाले होते. त्याची जाडी जवळजवळ अर्धा मिलिमीटर असल्यामुळे आत मोजणीची तार सरकवणे शक्य होते. प्रतिमानात पटल हे दर चौरस सेंटिमीटरला 1 मायक्रोफॅरड धारकता असलेले संधारित्र मानले आहे. त्याला समांतर, विद्युतभारित कण ये-जा करतात अशा तीन वाटा आहेत, आणि त्यांच्या कमाल वाहकता दर चौरस सेंटिमीटरला अनुक्रमे सोडियमसाठी 120, पोटॅशियमसाठी 36 आणि गळतीसाठी 0.3 मिलिसीमेन्स आहेत. विरामविभव, म्हणजे तंतू शांत असताना पटलाच्या आतबाहेर असलेला विद्युतदाबाचा फरक, उणे 65 मिलिव्होल्ट घेतले, तर सोडियम विभवाला अधिक 50 कडे ओढतो आणि पोटॅशियम उणे 77 कडे. बाकी सगळा खेळ तीन चलांचा आहे: सोडियमची वाट झटकन उघडणारा एम, तीच वाट सावकाश बंद करणारा एच आणि पोटॅशियमची वाट सावकाश उघडणारा एन. विरामावस्थेत त्यांची मूल्ये सुमारे 0.05, 0.6 आणि 0.32 असतात.

मला या प्रतिमानात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की ‘अमुक विभव ओलांडले की आवेग सोडा’ असे सांगणारी एकही ओळ आज्ञावलीत नाही, आणि तरीही उंबरठा आपोआप दिसतो. विभव एकदम 6 मिलिव्होल्टने वर उचलले, तर आत येणाऱ्या सोडियमवर बाहेर जाणारा पोटॅशियम आणि गळती मात करतात व आलेख मुकाट्याने खाली येतो. तेच 7 मिलिव्होल्टने उचलले, तर आलेख काही काळ रेंगाळतो, जणू निर्णय होत नाही, आणि मग सोडियमची बाजू वरचढ होऊन तो सुमारे शंभर मिलिव्होल्ट उसळतो. पाठ्यपुस्तकांतला ‘सर्व किंवा काहीच नाही’ हा नियम म्हणजे या चढाओढीचा परिणाम आहे. तो प्रतिमानात वेगळा घालावा लागत नाही.

उलटा प्रयोगही करून पाहावा. विभव 30 मिलिव्होल्टने खाली दाबून बराच वेळ तसेच धरले आणि अचानक सोडून दिले, तर कोणतीही उत्तेजना न देता आवेग उठतो, कारण दाबलेल्या अवस्थेत एच वाढलेला आणि एन घटलेला असतो.

आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. विभव नेमके उणे 40 झाले की एमच्या उघडण्याच्या वेगाचे सूत्र शून्य भागिले शून्य असे होते. तेथे सीमामूल्य 1 घालावे. एनच्या बाबतीत हेच उणे 55 ला घडते आणि सीमामूल्य 0.1 आहे.

आता तार, म्हणजे पटलाचे तुकडे एकापुढे एक जोडून केलेला लांब अक्षतंतू. व्यास 476 मायक्रोमीटर, आतील द्रवाची रोधकता 35.4 ओहम-सेंटिमीटर, तापमान 18.5 अंश सेल्सिअस. दर दहा अंशांना वाटा उघडण्या-मिटण्याचा वेग तिप्पट होतो, म्हणून 6.3 अंशांना मोजलेले सर्व वेग सुमारे 3.8 ने गुणावे लागतात. तंतूचे अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे पाडल्यास साध्या ऑयलर पद्धतीत (छोट्या छोट्या कालखंडांनी पुढे जाणाऱ्या गणनेत) कालखंड 3.7 मायक्रोसेकंदांहून लहान ठेवावाच लागतो, नाहीतर शेजारच्या तुकड्यांची विभवे आलटून पालटून भडकत जातात. तुकडा निम्मा केला, तर कालखंड चतुर्थांश करावा लागतो.

टोकांचा परिणाम टाळण्यासाठी वेग तिसऱ्या आणि सातव्या सेंटिमीटरच्या दरम्यान मोजला, आणि तो सेकंदाला 18.8 मीटरच्या अगदी जवळ आला. मूळ शोधनिबंधातील गणिताचे उत्तरही हेच होते. त्या तंतूवर प्रत्यक्ष मोजलेला वेग 21.2 मीटर होता. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद असल्यामुळे हक्सलीने हे गणित हाताने फिरवायच्या ब्रन्सव्हिगा यंत्रावर सोडवले होते, आणि धावत्या आवेगाच्या एका आलेखाला सुमारे तीन आठवडे लागले होते. माझा लॅपटॉप हे काम चहा होईपर्यंत उरकतो.

दोन्ही टोकांना एकाच क्षणी उत्तेजना दिली, तर दोन आवेग मध्यावर भेटतात आणि दोन्ही नाहीसे होतात, कारण प्रत्येकाने आपल्या मागे काही काळ न पेटणारा पट्टा सोडलेला असतो. व्यास चतुर्थांश केला, तर वेग बरोबर निम्मा होतो. वेग व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून दुप्पट चपळाईसाठी चौपट जाडी मोजावी लागते, आणि पळण्यासाठी आवरणाचे स्नायू एकदम आकुंचित करणाऱ्या माकुलाने तीच किंमत मोजली आहे.

पृष्ठवंशीय प्राणी मायलिनचे, म्हणजे चरबीयुक्त विद्युतरोधक, वेष्टण घालून ही किंमत टाळतात, त्यामुळे पुढच्या टप्प्यात बेडकाचा मायलिनयुक्त तंतू घेतला आहे. त्यासाठी फ्रँकेनहॉयझर आणि हक्सली यांची 1964 ची समीकरणे लागतील. त्यांत वाहकतेऐवजी पारगम्यता (कण पटलातून किती सहज जातात याचे माप) वापरलेली असल्याने प्रवाहाचा भाग नव्याने लिहावा लागेल. तारेचा भाग मात्र थोड्या फेरफाराने तसाच चालावा.